'हुशार आहे, पण मस्ती करतो'

कुठल्याही बालवाडीची नोंदवही उघडा. पंचवीसपैकी निम्म्याअधिक मुलांच्या नावापुढे हे वाक्य थोड्याफार फरकाने सापडेल. 'हुशार आहे, पण मस्ती करतो.' 'शांत आहे, लक्ष देते.' 'प्रगती समाधानकारक.' नावं झाकली तर कुठलं वाक्य कुणाचं, हे लिहिणाऱ्या ताईंनाही सांगता यायचं नाही. नोंद जमली की नाही हे पाहायला हीच युक्ती वापरा. नाव झाकून वाचा. मूल ओळखू आलं तर ठीक, नाहीतर एक पान भरलं इतकंच.

कागद कमी पडतात अशी काही परिस्थिती नाही. २०१३च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणानंतर अंगणवाडीसाठी ३-४, ४-५ आणि ५-६ अशा वयोगटांची मूल्यांकन कार्डं आली. ऑक्टोबर २०२२मध्ये पायाभूत स्तराचा (३ ते ८ वर्षं) राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. या वयात परीक्षा घेणं साफ अयोग्य आहे, मुलांचं निरीक्षण करा आणि त्यांनी केलेल्या वस्तू, चित्रं नीट पाहा, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. २०२४मध्ये ३ ते ६ वयोगटासाठी 'आधारशिला' हा राष्ट्रीय अभ्यासक्रम आला. तेव्हा निरीक्षण करा हे सगळेच सांगतात. पंचवीस मुलं, एक ताई आणि खिचडीकडे लक्ष ठेवणारी एक मदतनीस, एवढ्यात ते कसं करायचं हे मात्र कुणी फारसं सांगत नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी एक नोंद जवळून पाहू. कार्डावर प्रश्न असतो, 'मणी ओवता येतात का?' आणि पुढे बरोबरची खूण. आता तीच गोष्ट अशी लिहिली तर बघा:

'१२ ऑगस्ट, १०:४०. मुलगी, ४ वर्षं २ महिने. मुक्त खेळ, चटईवर एकटी. मोठे लाकडी मणी, बुटाची नाडी. नाडी उजव्या हातात, मणी डाव्या. तीन मणी ओवले, नाडीच्या दुसऱ्या टोकाला गाठ नव्हती, सगळे गळून पडले. परत ओवले, परत पडले. नाडी उलटसुलट करून पाहिली. मग दुसरं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं. सात मणी ओवले. "आता नाय पळत." मदत नाही.'

लिहायला दोन मिनिटं लागतात. यात दोन्ही हातांचा मेळ दिसतो, कुठला हात पुढे आहे ते दिसतं, दोनदा फसल्यावरही ती उठून गेली नाही हे दिसतं, अडचणीचं कारण तिनं स्वतः शोधलं हे दिसतं, शिवाय बोलणं. एका खुणेत यातलं एकच मावलं असतं. आणि 'आता नाय पळत' हे तसंच लिहायचं. 'आता मणी पडत नाहीत' असं शुद्ध करून लिहिलंत की मणी पळतात ही तिची कल्पना पुसली गेली आणि तिची भाषाही गेली.

त्या नोंदीखाली एक रेघ मारून वेगळं लिहा: 'उद्या: बारीक मणी ठेवणे. गाठ मारून देऊ नये, मारताना दाखवावी.' रेघेच्या वर फक्त डोळ्यांनी दिसलेलं आणि कानांनी ऐकलेलं. रेघेखाली आपलं मत आणि पुढचं पाऊल. ही रेघ सुटली की घोळ सुरू होतो. 'हट्टी आहे' हे मत. 'लाल सायकल मिळेपर्यंत दहा मिनिटं दाराशी उभा, दुसरी घेतली नाही, रडला नाही' हे पाहिलेलं. दुसरं वाक्य वाचून कुणी म्हणेल हट्टी, कुणी म्हणेल चिकाटीचा. दोघांनाही म्हणता यावं इतकं साधन नोंदीत पाहिजे.

वय नेहमी वर्षं-महिन्यांत लिहा. लहान गटात एक मूल ३६ महिन्यांचं असतं आणि शेजारचं ४७ महिन्यांचं. अकरा महिने म्हणजे धाकट्याच्या आख्ख्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. 'मागे आहे' म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं त्यांतली कितीतरी मुलं नुसती उशिरा जन्मलेली असतात.

मदत किती लागली, ही दुसरी न चुकवायची गोष्ट. त्यासाठी चार खुणा पुरतात: ए (एकट्याने), सां (सांगितल्यावर), दा (करून दाखवल्यावर), हा (हात धरून). जुलैत 'चप्पल घालतो – हा', सप्टेंबरात 'दा', डिसेंबरात 'सां'. मूल अजून एकट्यानं चप्पल घालत नाही, म्हणजे कार्डावर वर्षभर 'नाही'च राहिलं असतं. पण दोन पायऱ्या चढून झाल्यात, आणि त्या आईला दाखवता येतात.

आकड्यांच्या बाबतीत तर नोंदी हमखास फसतात. 'एक ते वीस येतात' असं लिहिलेलं असतं. येतात म्हणजे काय? म्हणतो की मोजतो? चिंचोके पुढे ठेवा आणि 'मला पाच दे' म्हणा. काही मुलं मूठभर उचलून देतात. काही बोट एकीकडे आणि तोंड दुसरीकडे चालवतात; एका चिंचोक्यावर 'दोन-तीन' होऊन जातं. काही नीट पाचपर्यंत मोजतात, पण 'मग किती झाले?' विचारलं की पुन्हा एकपासून मोजायला लागतात. शेवटचा आकडा म्हणजेच सगळ्यांची संख्या, हे त्यांना अजून उमगलेलं नसतं. आणि काहीजण न मोजता 'पाच' म्हणून तुमच्याकडे बघत राहतात, हे काय विचारणं झालं अशा नजरेनं. या चार अगदी वेगळ्या जागा आहेत. चौघांनाही वीसपर्यंत म्हणता येत असेल. कुठल्या जागी कोण आहे हे लिहिलं तरच उद्या कुणाला काय द्यायचं ते ठरतं. पहिल्याला खाऊच्या वेळी 'प्रत्येकाला एक वाटी' वाटायला द्या, तिसऱ्याला मोजून झाल्यावर चिंचोके झाकून 'आत किती?' विचारा. मराठीतले अकरापासून पुढचे आकडे मुलांना अवघड जातात, कारण 'दहा आणि एक' असं त्या शब्दांत ऐकू येत नाही. एकोणीस, एकोणतीस तर पुढच्या दशकाकडे बघून मागे बोलतात. तेव्हा एकोणीसला अडखळणारं मूल गणितात कच्चं असं कुणी लिहू नये.

आता वेळेचं. रोज पंचवीस मुलांची नोंद ठेवायला जाल तर दुसऱ्या आठवड्यात वही बंद पडेल. दर आठवड्याला पाच नावं घ्या. त्या पाचजणांच्या मिळून दिवसाला तीन नोंदी, म्हणजे आठवड्यात प्रत्येकाच्या तीन. पाच आठवड्यांत वर्ग पूर्ण होतो. सुट्ट्या धरूनही वर्षात सात-आठ फेऱ्या होतात आणि प्रत्येक मुलाच्या वीसेक नोंदी जमतात. तेवढ्या पुष्कळ झाल्या. बाकी मुलांचं काही खास दिसलं तर लिहा, नाही दिसलं तर मनाला लावून घेऊ नका.

लिहायला पाठकोऱ्या कागदाचे चौकोनी तुकडे खिशात ठेवा, पेन दोरीनं गळ्यात. मोठी वही हातात धरली की मुलं भोवती जमतात आणि पाहायचं ते घडायचंच थांबतं. मुलं घरी गेली की तुकडे वहीत चिकटवायचे. दोनशे पानी वही घेतली तर पंचवीस मुलांना आठ-आठ पानं येतात. नाव पानाच्या कडेला बाहेर डोकावणाऱ्या चिठ्ठीवर. फोनवर बोलून ठेवलं तरी चालेल, पण त्याच दिवशी उतरवा. आठवडाभर साठवलेलं बोलणं नंतर कुणी ऐकत नाही. फोटोंचं तर विचारूच नका. फोनमध्ये चारशे फोटो असतात आणि त्यातला मुलगा काय करत होता हे कुणाला आठवत नाही. ओळ न लिहिलेला फोटो म्हणजे अल्बम.

वेळ निवडावी मुक्त खेळाची, भातुकलीच्या कोपऱ्याची, खाऊच्या रांगेची. 'इकडे ये, हा रंग कोणता सांग' असं बोलावून विचारलं की ती परीक्षाच झाली, आणि लाजरं मूल गप्प बसलं की वहीत 'रंग येत नाहीत' पडतं. तेच मूल भातुकलीत 'हिरवी चटणी दे गं' म्हणत असतं.

महिन्याच्या शेवटी एक खेळ स्वतःशी खेळा. कोऱ्या कागदावर वर्गातल्या सगळ्या मुलांची नावं आठवून लिहा, हजेरीपट न बघता. जी नावं शेवटी आठवली किंवा राहून गेली, ती पुढच्या आठवड्याची पाच. ही बहुधा मधली मुलं असतात. ती भांडत नाहीत, रडत नाहीत, पुढे पुढेही करत नाहीत. वहीत सगळ्यात कोरी पानं त्यांचीच असतात आणि सगळ्यात वारंवार 'समाधानकारक'ही त्यांनाच मिळतं.

चित्रांबद्दल थोडं सविस्तर. वर्षातून तीनदा, जुलै, नोव्हेंबर आणि मार्चमध्ये, सगळ्यांना एकच काम द्या: माणूस काढ. तोच कागद, तेच तेलखडू, 'कसा काढायचा' हे न सांगता. जुलैत गिरगोट्या असतात किंवा एक बंद गोल. मग गोलाला डोळे येतात. मग डोक्यालाच हातपाय फुटलेला माणूस येतो. त्याला पोट नाही, मान नाही. तो बघून मोठी माणसं हसतात, पण चौथ्या वर्षाच्या आसपासचं ते अगदी ठरलेलं चित्र आहे, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. पुढे धड येतं, बोटं येतात, बोटं कधी सात येतात. कागदाच्या मागे तारीख, वय, खडू कसा धरला (मुठीत की तीन बोटांत), आणि मूल चित्राबद्दल काय बोललं ते. पुढच्या बाजूला शेरा नको, तारे नकोत. त्यावर लाल पेन चालवणं हा तर उद्धटपणाच.

सगळी चित्रं साठवायची नाहीत. सहामाहीत सहा-सात पुरेत, बाकी घरी जाऊ द्यात. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात फाईल भिंतीला टेकवून ठेवू नका. ओल धरते, तेलखडूचा रंग शेजारच्या पानावर उतरतो आणि सप्टेंबरात उघडाल तेव्हा बुरशीचा वास. खिळ्याला टांगलेली कापडी पिशवी परवडली.

बोलण्याच्या नोंदीत घरची भाषा लिहिलीच पाहिजे. 'बोलत नाही' असं ज्यांच्याबद्दल लिहिलेलं असतं ती कितीतरी मुलं नुसती ताईंच्या भाषेत बोलत नाहीत. डहाणू-तलासरीकडे घरी वारली, धुळे-जळगावकडे अहिराणी, गडचिरोलीत गोंडी, आणि शहरात बांधकामावरच्या वस्तीत हिंदी, तेलुगू, कन्नड. कुणाशी बोलला, कुठल्या भाषेत, किती शब्दांचं वाक्य, हे तिन्ही लिहा. बहिणीशी वारलीत सात शब्दांचं वाक्य बोलणारं मूल बोलण्यात पुढेच आहे. शिकायची गरज ताईंना आहे. 'बोबडा' हा शेराही जपून. र उशिरा येतो, पाच-सहा वर्षांपर्यंत 'लस्ता' चालतो. चार वर्षांच्या मुलाचं बहुतेक बोलणं परक्या माणसाला कळत नसेल, तर मात्र तारखेसकट लिहून ठेवा.

आता कार्ड, प्रगतिपत्रक, मुख्यसेविकांना (अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिकांना) दाखवायचे तक्ते. ते भरावे लागणारच. फक्त ते वहीतून भरा, डोक्यातून भरू नका. दोन वेगवेगळ्या दिवशीच्या नोंदी असतील तरच 'येतं'. एकदाच दिसलं तर थांबा. त्या दिवशी शेजारचीचं बघून केलं असेल. आणि दिसलंच नसेल तर 'येत नाही' लिहू नका, 'अजून दिसलं नाही' लिहा. अंगणवाडीत कात्रीच नसेल तर कातरकाम कुठून दिसणार? तक्त्यात जागा असेल तर खुणेऐवजी पहिल्यांदा दिसल्याची तारीख टाका. सत्राच्या शेवटच्या रात्री बसून भरलेले तक्ते लगेच ओळखू येतात. एका मुलाच्या सगळ्या रकान्यांत सारखाच शेरा असतो, कारण ताईंना मूल आवडतं किंवा आवडत नाही, आणि ती एकच छाया चालण्यापासून मोजण्यापर्यंत सगळ्यावर पडते. वजन-उंची 'पोषण ट्रॅकर' या सरकारी ॲपमध्ये जातेच. तिची इथे सरमिसळ नको. पण दोन महिने वजन वाढलेलं नसताना त्याच मुलाबद्दल 'लक्ष देत नाही' लिहिताय, एवढं तरी दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहा.

पालकांना सांगायचं वर्षातून दोनदा, दिवाळीच्या सुट्टीआधी आणि मार्च-एप्रिलमध्ये. पालकसभेत सगळ्यांसमोर एकेकाबद्दल बोलणं म्हणजे मुलांची बोली लावणं. एकेका घराला पंधरा मिनिटं द्या, दिवसाला पाच घरं. समोर वही, तीन चित्रं आणि अर्ध्या पानाची चिठ्ठी. चिठ्ठी अशी काहीशी:

'जूनमध्ये ती दाराशी उभी राहून इतरांचा खेळ बघायची. आता भातुकलीत स्वतःहून जाते आणि बहुतेकदा आजी होते. कालच तिनं दोघांचं भांडण "अर्धं अर्धं घ्या" म्हणून मिटवलं. पाचपर्यंत वस्तू मोजून देते. कात्री अजून दोन्ही हातांनी धरते. वर्गात आम्ही मऊ कणकेची वळकटी कापायला देतो आहोत. घरी गवार निवडताना तिला शेजारी बसवा, शेंगा मोडायला द्या, बोटांना जोर येतो. घरी ती कुणाशी जास्त बोलते, हे तुमच्याकडून ऐकायचं आहे.'

यात श्रेणी नाही, टक्के नाहीत, दुसऱ्या मुलाचं नाव नाही. घरी करायची गोष्ट एकच, आणि ती घरात आधीच चाललेल्या कामातली. पाच गोष्टी सांगितल्या तर एकही होत नाही. शेवटचा प्रश्न शोभेचा नाही. वर्गात तोंड न उघडणारं मूल घरी आजीला दिवसभराचं सगळं नकलेसकट सांगतं, हे आजीकडूनच कळतं. भेटीला बऱ्याचदा आजीच येते. अक्षरओळख नसेल तर चिठ्ठी वाचून दाखवा, चित्रं जमिनीवर ओळीनं मांडा. जुलैची गिरगोटी आणि मार्चचा माणूस शेजारी पाहिला की प्रगती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

'लिहायला कधी शिकवणार?' हा प्रश्न येणारच. शेजारच्या इंग्रजी शाळेतलं मूल वहीभर ए-बी-सी गिरवत असतं आणि बापाच्या पोटात गोळा येतो. त्यावर धोरण ऐकवून उपयोग नाही. वही उघडा: जूनमध्ये खडू मुठीत, ऑक्टोबरात चार बोटांत, आता तीन बोटांत, आधी रेघ कागदाबाहेर जायची, आता गोल बंद होतो. लिहिणाऱ्या हाताची तयारी अशी दिसते. आमच्या मते नोंदींचा सगळ्यात रोकडा उपयोग हाच.

काळजीची गोष्ट असेल तर पंधरा दिवसांत निदान तीन नोंदी हव्यात, वेगवेगळ्या प्रसंगांच्या. उदाहरणार्थ ऐकण्याची: 'पाठीमागून हाक मारली, वळला नाही. समोरून मारली, वळला.' 'गोष्टीच्या वेळी पुढे सरकून तोंडाकडे बघत बसतो.' 'सर्दी असताना जास्त.' या तीन ओळी डॉक्टरांना 'लक्ष नसतं'पेक्षा कितीतरी कामाच्या आहेत. आईशी एकटीशी बोला, वाचून दाखवा आणि तिथेच थांबा. 'ऑटिझम वाटतो', 'हायपर आहे' हे शब्द ताईंनी उच्चारायचे नाहीत. ते निदान आहे आणि ते आपलं काम नव्हे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं, त्यांच्यासमोर वहीचं पान ठेवा. गरज पडली तर ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्राकडे, पाठवतात. पथक यायला चार महिने असतील तर वाट पाहू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायला सांगा.

व्हॉट्सॲप गटाचा मोह आवरा. वर्गातल्या फोटोत पाच मुलं असतात आणि एकाच आईला तो हवा असतो. जूनमध्येच लेखी विचारून ठेवा: फोटो काढू का, गटावर टाकू का. दोन वेगळे प्रश्न, दोन वेगळ्या सह्या. एखाद्या मुलाबद्दलची नोंद, कौतुकाची असली तरी, गटावर नको.

मूल पहिलीला जातं तेव्हा फाईल घरी द्या, आणि एक पान शाळेच्या बाईंसाठी वेगळं. त्यात चारच गोष्टी: घरची भाषा, कशात रमतं, कशानं बिथरतं आणि शांत कसं होतं, तब्येतीचं काही असेल तर. आकडे-अक्षरं किती येतात हे पहिल्या आठवड्यात त्यांना कळेलच. आणि हे पान प्रवेशाच्या वेळी मागितलं तर देऊ नका. शिक्षण हक्क कायद्यानं प्रवेशासाठी मुलाची चाळणी लावायला मनाई आहे. प्रवेश झाल्यावर द्या.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची गोष्ट निराळी. बीड-नगरकडची मुलं दिवाळीच्या आगेमागे आईबापांबरोबर निघतात आणि मार्च-एप्रिलात परततात, म्हणजे वहीतली अर्धी पानं कोरीच. त्यांच्यासाठी नोंदींच्या दोन फेऱ्या ऑक्टोबरआधीच उरकून घ्या, आणि निघताना त्या मुलाच्या नोंदींची एक नक्कल व एक चित्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईकडे द्या, लसीकरणाच्या कार्डाबरोबर. ते कार्ड त्या सांभाळून ठेवतात. मागच्या बाजूला अंगणवाडीचं नाव, गाव आणि फोन नंबर लिहा, म्हणजे कारखान्याजवळच्या ताईंना काही विचारायचं असलं तर विचारता येईल.